मोठ्या क्लबची ऑफर आली तर: सहायक प्रशिक्षकापुढचे तीन रस्ते

फुटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षकाला बढती मागून मिळत नाही. कोणाची तरी हकालपट्टी होते किंवा कोणीतरी अचानक निवृत्त होतो, आणि मग क्लबकडून फोन येतो. उत्तर द्यायला फार तर एक-दोन दिवस. अशा वेळी माणूस स्वतःला विचारतो, ‘मला हे झेपेल का?’ माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. ज्याने वर्षानुवर्षं मोठ्या संघाचा सराव घेतला त्याला खेळ कळतो, हे धरून चालायला हरकत नाही. आधी बघायचं ते हे की खुर्ची रिकामी कशी झाली, आणि तिच्यावरून उठलेला माणूस आता कुठे बसणार आहे.

रस्ते ढोबळमानाने तीन. आपल्याच क्लबात एक पायरी वर चढायचं, दुसऱ्या मोठ्या क्लबात थेट प्रमुख म्हणून जायचं, किंवा आधी लहान क्लबात हात बसवून घ्यायचा. तिन्हींवर नाव काढलेले लोक आहेत आणि तिन्हींवर आपटलेलेही.

आपल्याच क्लबात

या रस्त्याचा विषय निघाला की लिव्हरपूलचा दाखला ठरलेलाच. १९७४ मध्ये बिल शँक्लीने सगळ्यांना धक्का देत पद सोडलं आणि ५५ वर्षांच्या बॉब पेस्लीला ते मिळालं. त्याला ते फारसं नकोच होतं. १९३९ पासून तो क्लबात होता, आधी खेळाडू म्हणून, मग फिजिओ आणि प्रशिक्षक म्हणून, शेवटी शँक्लीचा उजवा हात म्हणून. पहिल्या हंगामात मोठा करंडक एकही आला नाही, लीगमध्ये दुसरा क्रमांक. त्यानंतरच्या आठ हंगामांत सहा वेळा लीग आणि तीन वेळा युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग.

हा दाखला देणारे एक भाग बहुतेक वेळा गाळतात. निवृत्त झालेला शँक्ली मेलवूडच्या सराव मैदानावर येतच राहिला आणि खेळाडू सवयीने त्यालाच ‘बॉस’ म्हणत राहिले. आपलं येणं आता नकोसं झालंय हे कळल्यावर तो कडवट मनाने दूर झाला. माणूस म्हणून त्याच्याबद्दल वाईट वाटतं. पण तो येत राहिला असता तर पेस्लीचं नाव आज आपण वेगळ्याच संदर्भात घेतलं असतं.

मँचेस्टर युनायटेडमध्ये ते वेगळं घडलंच. १९६९ मध्ये मॅट बस्बी संघाच्या रोजच्या कामातून बाजूला झाला, पण जनरल मॅनेजर म्हणून क्लबातच राहिला. संघ सोपवला राखीव संघाचा प्रशिक्षक विल्फ मॅकगिनेसकडे. वय ३१. बॉबी चार्ल्टन त्याच्याच वयाचा, दोघे एकाच युवा संघातून वर आलेले. आता एकाने दुसऱ्याला कोणत्या सामन्यात बसवायचं ते ठरवायचं, आणि ज्याला निर्णय पटला नाही त्याला दाद मागायला वरच्या खोलीत बस्बी आहेच! डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेसला हटवलं गेलं आणि बस्बी पुन्हा संघ सांभाळू लागला. पहिल्या हंगामात दोन देशी चषकांच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेला प्रशिक्षक अगदीच नालायक नसतो. त्याला जागाच अशी दिली होती की तिथे कोणीही टिकला नसता.

आधीचा माणूस लांब गेला की काम सोपं होतं का? कधी कधी. २०१२ मध्ये पेप ग्वार्डिओला बार्सिलोना सोडून वर्षभर न्यूयॉर्कला जाऊन राहिला. त्याचा सहायक टिटो विलानोवा याने त्याच खेळाडूंना घेऊन लीगमध्ये १०० गुण मिळवले, तेही कर्करोगावरच्या उपचारांसाठी हंगामाचा बराच काळ बाकापासून दूर राहून. उलट एव्हर्टनचा हॉवर्ड केंडल १९८७ मध्ये लीग जिंकून स्पेनमध्ये बिल्बाओला गेला, म्हणजे अंतर चांगलंच पडलं. तरी त्याच्या जागी आलेल्या कॉलिन हार्वेला तीन वर्षांत मोठं असं काही जिंकता आलं नाही. १९८५ मध्ये हेझेलच्या मैदानावर झालेल्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांना युरोपात बंदी होती आणि चांगले खेळाडू एकेक करून निघत होते. केंडल शिखरावरून गेला होता. अशी जागा घेताना मागच्या हंगामाचा तक्ता बाजूला ठेवून खेळाडूंची वयं आणि करार संपण्याची वर्षं बघावीत. सहायकाला ती तोंडपाठ असतात, आणि बाहेरून येणाऱ्यावर त्याची खरी आघाडी असेल तर ती इथेच.

हकालपट्टीनंतरची खुर्ची

नायकाच्या जागी बसण्यापेक्षा हरलेल्याच्या जागी बसणं सहायकाला जास्त मानवतं, असं माझं ठाम मत आहे. हान्सी फ्लिक २०१९ च्या उन्हाळ्यात निको कोवाचचा सहायक म्हणून जर्मनीच्या बायर्न म्युनिकला आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फ्रँकफुर्टकडून ५-१ अशी हार झाली, कोवाच गेला आणि फ्लिककडे संघ ‘तात्पुरता’ आला. बाकावर कुजत असलेल्या थॉमस म्युलरला त्याने पुन्हा संघाच्या मध्यभागी आणलं, बचावफळी पुढे सरकवली, चेंडू गमावला की लगेच दबाव. ऑगस्ट २०२० मध्ये बार्सिलोनाला ८-२ हरवून पुढे चॅम्पियन्स लीगही जिंकली. लीग आणि जर्मन चषक आधीच खिशात होते.

हे इतक्या लवकर का जमलं? खेळाडू अव्वल होते आणि नाराज होते. सहायकाकडे नाराजीचा हिशेब असतो, कारण ती त्याच्याच कानावर घातली जाते. कोण कुठल्या जागेवर खेळायला उत्सुक आहे, कोणाला कोणता सराव निरर्थक वाटतो, हे त्याला विचारावं लागत नाही.

पण हा नियम संघात जीव असेल तरच लागू. २०१२ मध्ये वुल्व्हज संघाने मिक मॅकार्थीला काढून त्याचा सहायक टेरी कॉनर याला बसवलं. त्याच्याखालच्या १३ सामन्यांत एकही विजय नाही, संघ खालच्या विभागात. क्लब तुलनेने लहान, पण धडा मोठ्यांनाही लागू आहे. प्रशिक्षकाला काढल्याने बिघडलेला मूड सुधारतो, अपुरा संघ पुरा होत नाही.

त्याच वर्षी चेल्सीत रॉबर्टो दी मातेओने मार्चमध्ये आंद्रे व्हियाश-बोआशची जागा घेतली आणि मेमध्ये एफए कप व चॅम्पियन्स लीग दोन्ही आणले. जूनमध्ये दोन वर्षांचा करार झाला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला काढलंही. तात्पुरत्या काळात जे चालतं, म्हणजे ज्येष्ठ खेळाडूंना मोकळं सोडणं, बचाव घट्ट करणं, सामन्यागणिक जगणं, ते पूर्ण हंगामाला पुरत नाही. म्हणून ‘तात्पुरता’ हा शब्द कानावर आला की घाबरू नका, पण करार कायम करताना वेगळी बोलणी करा. नव्या खेळाडूंच्या खरेदीत शब्द कोणाचा चालणार हे तेव्हाच विचारायचं. सात करंडक जिंकलेल्या फ्लिकचंही बायर्नच्या क्रीडा संचालकाशी याच मुद्द्यावरून फाटलं आणि २०२१ मध्ये तो निघून गेला.

एक आतली अडचणही आहे, जिच्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. ज्याने तुम्हाला क्लबात आणलं त्याच्याच हकालपट्टीतून तुमची बढती होते. तुम्ही काहीही केलेलं नसलं तरी कुजबूज होतेच. काही सहायक अशा वेळी प्रमुखाबरोबरच राजीनामा देतात. मला ते आदरणीय वाटतं, पण बंधनकारक वाटत नाही. आधी त्याला फोन करून सांगितलं म्हणजे पुरे.

दुसऱ्या मोठ्या क्लबात थेट

इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवली की बहुतेक चित्र दिसतं. मँचेस्टर युनायटेडमध्ये ॲलेक्स फर्ग्युसनचा सहायक असलेला कार्लोस केइरोझ २००३ मध्ये रिआल माद्रिदला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला. मँचेस्टर सिटीत ग्वार्डिओलाचा सहायक असलेला मिकेल आर्तेता डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेनलला गेला. दोघेही हुशार, दोघांच्याही मागे मोठ्या गुरूचं नाव.

केइरोझच्या हाती आलेला संघ नुकताच लीग जिंकलेला. तरी विसेंते देल बोस्केचा करार क्लबने वाढवला नव्हता, बेकहॅम आला आणि मधल्या फळीचा कणा असलेला माकेलेले चेल्सीला विकला गेला. म्हणजे अपेक्षा शिखरावर, संघाचा तोल बिघडलेला, आणि दोन्ही निर्णय दुसऱ्यांचे. वसंतापर्यंत रिआल बरी चालली, मग चषकाच्या अंतिम सामन्यात झारागोझाकडून हार, युरोपात मोनाकोकडून बाहेर, आणि लीगचे शेवटचे पाच सामने ओळीने गमावून चौथा क्रमांक. एका हंगामात खेळ खलास.

आर्तेताच्या हाती आलेला क्लब आधीच घसरलेला. पहिल्याच हंगामात एफए कप मिळाला खरा, पण लीगमध्ये लागोपाठ दोनदा आठवा क्रमांक. रिआलमध्ये या आकड्यांवर कोणी तग धरला नसता. आर्सेनलच्या मालकांनी वेळ दिला, सप्टेंबर २०२० मध्ये त्याचं पद ‘मुख्य प्रशिक्षक’वरून ‘मॅनेजर’ केलं, आणि कर्णधार ऑबामेयांगला शिस्तीच्या कारणावरून बाजूला केलं तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिले. पुढे २०२३, २०२४ आणि २०२५ असे सलग तीन हंगाम दुसरा क्रमांक. तो तिथला माजी कर्णधार होता, हेही विसरायला नको. अगदी परका म्हणून गेला नव्हता.

थोडक्यात, या रस्त्यावर क्लबच्या नावापेक्षा त्याची भूक कोणत्या वर्षीची आहे ते बघा. त्यांना पुढच्या मे महिन्यात करंडक हवा असेल तर प्रमुखपदाचा अनुभव नसलेल्या माणसाने दुसरीकडे बघावं, मग पगार कितीही असो. त्यांना घर पुन्हा बांधायचं असेल तर तुमचं नवखेपण फारसं आड येत नाही.

आधी लहान क्लब

हा रस्ता शहाणपणाचा मानला जातो आणि सल्ला देणारे डोळे झाकून हाच सांगतात. मी तितका खात्रीत नाही. फर्ग्युसनचा सहायक ब्रायन किड डिसेंबर १९९८ मध्ये युनायटेड सोडून ब्लॅकबर्नला गेला. ब्लॅकबर्न खालच्या विभागात गेलं ते नेमकं युनायटेडबरोबरच्या गोलशून्य बरोबरीनंतर, मे १९९९ मध्ये, आणि त्याच महिन्यात युनायटेडने तीन करंडक जिंकले. किडच्या जागी आलेला स्टीव्ह मॅक्लॅरन तेव्हा फर्ग्युसनशेजारी बसला होता.

अडचण अशी की मोठ्या क्लबात शिकलेलं सगळंच लहान क्लबात चालत नाही. मोठ्या क्लबात चेंडू तुमच्याकडे सामन्यातला बहुतेक वेळ असतो. तळाशी झगडणाऱ्या संघात तो नसतो. युर्गन क्लॉपचा सहायक पेपाइन लाइंडर्स २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एनईसीला गेला, संघाची वरच्या विभागातली बढती हुकली आणि काही महिन्यांत लिव्हरपूलला परतला. २०२४ मध्ये तो साल्झबुर्गला प्रमुख झाला, डिसेंबरमध्ये काढला गेला.

ज्यांना जमलं त्यांचाही प्रवास सरळ नव्हता. जोझे मोरिन्यो बार्सिलोनात सहायक होता. २००० मध्ये त्याला पहिलीच नोकरी बेन्फिकासारख्या मोठ्या क्लबात मिळाली आणि क्लबच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सत्ता बदलल्यावर काही महिन्यांतच सुटली. मग लहानशा लेइरियात काम, तिथून जानेवारी २००२ मध्ये पोर्तो, आणि २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग. एन्झो मारेस्काला पार्माने काढलं, तो सिटीत सहायक होऊन परतला, मग लेस्टरला विजेतेपदासह वर आणलं आणि २०२४ मध्ये चेल्सी. दोघांनी निवडलेले लहान क्लब बुडत नव्हते, हे लक्षात घ्या. किडने बुडतं जहाज घेतलं होतं.

याच रस्त्याची एक सुरक्षित पोटवाट आहे, क्लबचाच दुसरा संघ. झिनेदिन झिदान कार्लो आन्सेलोत्तीचा सहायक होता, मग दीड हंगाम रिआलच्या कास्तिया संघाचा प्रमुख, आणि जानेवारी २०१६ मध्ये मुख्य संघाचा. चॅम्पियन्स लीग सलग तीनदा. ही सोय मिळत असेल तर बाकी रस्त्यांचा विचार मी तरी करणार नाही.

फोन ठेवण्याआधी

प्रमाणपत्राचं बघा. बहुतेक वरच्या लीगमध्ये युएफा प्रो परवाना लागतो आणि तो रातोरात मिळत नाही. २०२२ मध्ये फ्रान्सच्या रेंस क्लबाने सहायक विल स्टिलला प्रमुख केलं तेव्हा त्याच्याकडे हा परवाना नव्हता, आणि क्लबला प्रत्येक सामन्यामागे २५,००० युरो दंड भरावा लागला. निकाल चांगले येत होते म्हणून तो भरला गेला.

तुमचा सहायक कोण, हेही तेव्हाच ठरवा. आर्तेताने आर्सेनलमध्ये स्टीव्ह राउंड आणि आल्बर्ट स्टुइव्हेनबर्ग हे अनुभवी सहायक आपल्याबरोबर आणले. पहिल्यांदा प्रमुख होणाऱ्याला स्वतःसारखाच तरुण साथीदार घ्यायचा मोह होतो. त्यापेक्षा तोंडावर ‘नाही’ म्हणणारा घ्यावा, कारण कालपर्यंत ते काम तुम्ही करत होतात आणि आता ती जागा मोकळी आहे.

आणि परतीचं. हा रस्ता समजतात तितका बंद नाही. १९९० मध्ये केंडल एव्हर्टनला परत आला तेव्हा हार्वे पुन्हा त्याचाच सहायक झाला. केइरोझ २००४ मध्ये फर्ग्युसनकडे परतला, २००८ मध्ये युनायटेडने लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकल्या तेव्हा तो शेजारच्या खुर्चीत होता, आणि त्याच उन्हाळ्यात पोर्तुगालने त्याला राष्ट्रीय संघाचा प्रमुख म्हणून बोलावलं.