टक्स पेंट ते पायथन: शाळेच्या संगणक कक्षातला मोफत संच, इयत्तेनुसार

संगणक शिकवायला शाळेने सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च करायची गरज नाही. जीकॉम्प्री, टक्स पेंट, लिबरऑफिस, स्क्रॅच आणि थॉनी या पाच मोफत प्रोग्रॅमवर पहिली ते दहावीचा अभ्यास व्यवस्थित बसतो. पाचही उत्तम आहेत, पण चुकीच्या इयत्तेला दिले की निरुपयोगी वाटतात. म्हणून क्रम मोडू नये.

पहिली-दुसरीला जीकॉम्प्री, म्हणजे लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांचा संच. त्यातले माउसचे खेळ चढत्या क्रमाने येतात: आधी नुसता माउस फिरवून चित्रावरचे चौकोन पुसायचे, मग एक क्लिक, मग डबल क्लिक. डबल क्लिकवर मुले अडतात, कारण दोन क्लिकच्या मध्ये माउस हलतो किंवा वेळ जास्त जातो. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करून ठेवावा. जोडीला चित्रे काढायचा टक्स पेंट द्यावा. आवाज आणि छपाई ‘टक्स पेंट कॉन्फिग’ या त्याच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून आधीच बंद करावी, नाहीतर सगळी यंत्रे एकदम वाजू लागली की शिक्षकांचा आवाज पोचत नाही. चित्र साठवताना टक्स पेंट फाइलचे नाव विचारत नाही. सहा वर्षांच्या मुलाला ही सोय आहे. चौथीतही मूल त्यावरच राहिले तर मात्र आपले काम संगणकात नेमके कुठे जाते, हे त्याला कळतच नाही.

तिसरी ते पाचवी म्हणजे फाइल, फोल्डर आणि टंकलेखन. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते आणि पुढची सगळी रडगाणी इथूनच सुरू होतात. लिबरऑफिसमधला लेखनाचा प्रोग्रॅम, रायटर, उघडा, प्रत्येकाला तुकडी आणि हजेरी क्रमांकाच्या नावाने फोल्डर द्या आणि साठवणे, बंद करणे, पुन्हा शोधून उघडणे एवढे दर तासाला करून घ्या. मराठी टंकलेखन इनस्क्रिप्टनेच, म्हणजे प्रत्येक कळेला थेट देवनागरी अक्षर देणाऱ्या कळमांडणीनेच शिकवावे, असे आमचे ठाम मत आहे. रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना तिसरीतल्या मुलाला आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवत बसावे लागते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. लक्षात ठेवायच्या दोनच गोष्टी आहेत: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर दाबायची आणि जोडाक्षरासाठी मध्ये डीच्या कळेवरचा हलन्त द्यायचा. ‘सुऱ्या’मधला ‘ऱ्य’ हवा असेल तर शिफ्टसह जे, मग डी, मग य. फॉन्ट पहिल्या दिवसापासून युनिकोडच, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या सर्वमान्य अक्षरसंकेताचाच हवा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की मजकुराचा कचरा होतो.

सहावीपासून स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरची पात्रे हलवायचा प्रोग्रॅम. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला, तिसरी आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली. इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती मिळते, पण विंडोजच्या यंत्रावर तिला विंडोज १० किंवा पुढचे लागते. विंडोजऐवजी लिनक्स असलेल्या कक्षात टर्बोवार्प हा स्क्रॅचसारखाच प्रोग्रॅम बसवा, त्यात स्क्रॅचच्या त्याच फाइल उघडतात. सहावीच का? पात्रे जिथे हलतात तो रंगमंच ४८० बाय ३६० चा असतो, मध्यबिंदू शून्य, डावी कड उणे २४०, खालची कड उणे १८०. गणितात पूर्णांक याच वर्षी येतात, त्यामुळे उणे संख्या मुलांना पडद्यावर हलताना दिसते. चौथीत स्क्रॅच दिला तर मुले ठोकळे जोडतात खरे, पण स्क्रॅचमधले मांजर डावीकडे का गेले ते सांगता येत नाही.

चुका ठरलेल्या असतात. काठाला आपटून मांजर उलटे होते: फिरण्याची पद्धत ‘डावे-उजवे’ करा. पात्र भिंतीला लागले तरी काही घडत नाही: ‘जर’चा ठोकळा ‘सतत’च्या आत नसतो, म्हणून तपासणी सुरुवातीला एकदाच होते. खेळ दुसऱ्यांदा सुरू केला की गुण मागच्या आकड्यापासून मोजले जातात: चलाची, म्हणजे आकडा साठवणाऱ्या नावाची, किंमत आपोआप शून्य होत नाही, ती खेळ सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याखाली आपणच शून्य करायची. ही तिसरी चूक मुलाने स्वतः शोधावी, शिक्षकांनी हात घालू नये. चल म्हणजे काय, हे तिथेच पक्के होते. एका यंत्रावर दोघे असतील तर दहा मिनिटांनी माउस बदलायला लावा. नाहीतर एकच शिकतो.

सातवी-आठवीला स्क्रॅचसोबत लिबरऑफिस कॅल्क, म्हणजे आकडेमोडीचे तक्ते करायचा प्रोग्रॅम. वर्गाचे गुणपत्रक पुरेसे आहे. रकान्यात ‘४५ गुण’ असे लिहिले की तो मजकूर ठरतो आणि बेरीज त्याला कोणतीही सूचना न देता वगळते. आकडे उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटतो, एवढे पाहायची सवय लावा. गैरहजर मुलाचा रकाना रिकामा ठेवला तर सरासरीत तो धरला जात नाही, शून्य लिहिले तर धरला जातो. यावर वर्गात वाद होऊ द्यावा.

नववीत पायथन ही टंकून लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा, थॉनी या ती लिहून चालवायच्या प्रोग्रॅममधून. थॉनी एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झाला. पायथन त्याच्यासोबतच बसतो आणि प्रोग्रॅम एकेक पायरीने चालवून चलांच्या किमती बाजूला बदलताना दाखवतो. इथे मुले अडकतात ती बहुधा टंकलेखनामुळे: ओळीअखेरचा विसर्गचिन्हासारखा कोलन सुटतो किंवा पुढच्या ओळीची आतली जागा चुकते. रायटरमधून मजकूर चिकटवला की वळणदार अवतरणचिन्हे येतात आणि पायथन ती नाकारतो. ‘इनपुट’ या आज्ञेने वापरणाऱ्याकडून घेतलेले ५ आणि ३ मिळवले तर उत्तर ५३ येते, कारण इनपुट नेहमी मजकूर देते, त्याचा आधी पूर्णांक करावा लागतो. चलाला ‘गुण’ असे मराठी नाव दिलेले चालते, प्रोग्रॅममध्ये थेट देवनागरी आकडा लिहिलेला मात्र चालत नाही. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथन ५ सांगतो. तीन अक्षरे मोजणारा वर्ग चक्रावतो. इनस्क्रिप्ट शिकलेली मुले लगेच ओळखतात, त्यांनी तो शब्द पाच कळा दाबूनच लिहिलेला असतो.