फोन करूनच येणे: विद्यापीठाच्या वाचा-उपचार केंद्रातली माझी 21 सेशन

आधी तक्रार सांगून टाकतो. जिथे तोतऱ्या माणसांवर उपचार होतात, तिथली वेळ फक्त फोनवर मिळते. ईमेल नाही, फॉर्म नाही. दारावर पाटीसुद्धा आहे, 'फोन करूनच येणे'. तो नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून मी चार महिने नुसता बघत होतो. शेवटी बहिणीने फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "पेशंट स्वतः बोलू शकत नाहीत का?" बहीण म्हणाली, "तेच तर दुखणं आहे ना हो!"

माझं वय 41, आणि तोतरेपणा पाचव्या वर्षापासूनचा. नाव 'प'वरून आहे आणि सगळी गोम तिथेच आहे, कारण बाकी कुठलाही शब्द बदलता येतो, स्वतःचं नाव बदलता येत नाही. 'परवा' अडलं की मी 'दोन दिवसांनी' म्हणतो. 'पंधरा' अडलं की 'चौदा-सोळाच्या आसपास' म्हणतो. पोट मी ऑडिटच्या कामावर भरतो, त्यामुळे मीटिंगमध्ये लोकांना वाटायचं की हा माणूस आकडे लपवतोय.

केंद्र शिकाऊ आहे हे जाण्याआधी नीट समजून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी बिनसेल. वाचा आणि श्रवण या विषयाची पदवी शिकणारे विद्यार्थी तुम्हाला बघतात. त्यांच्या पाठीशी अनुभवी सुपरव्हायझर असतात, पण त्या खोलीत नसतात. एका भिंतीत मोठा आरसा आहे, तो पलीकडून काच आहे, आणि मॅडम तिथे बसून सगळं बघत-ऐकत असतात. आठवड्यातून एकदा 45 मिनिटं. फी बाहेरच्या मानाने बरीच कमी. पहिली दोन सेशन मी आरशात स्वतःचंच तोंड वेडंवाकडं होताना बघत काढली. तिसऱ्या वेळी खुर्ची फिरवून मागितली, तर लगेच फिरवून दिली. हे आधीच का करत नाहीत, देव जाणे.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी शेवटच्या वर्षाची होती. मी तिला 'मॅडम' म्हटलं तर ती इतकी अवघडली की तिच्या हातातला फॉर्म खाली पडला. पहिला दिवस नुसता प्रश्नांचा. घरात आणखी कोणी अडखळतं का? मी म्हटलं, मामा. आमच्या आजीचं ठाम मत होतं की मामाची नक्कल करून करून मला हे लागलं, आणि ते मत मी चाळीस वर्षं पाठीवर घेऊन हिंडत होतो. मुलगी शांतपणे म्हणाली, "नक्कल केल्याने लागत नाही, सर. हे घराण्यात चालतं, आनुवंशिकतेचा त्यात वाटा असतो." एवढं एक वाक्य. केंद्राला मी जे काही गुण देईन, त्यातला एक या वाक्याचा.

मग मोजणी. माझं बोलणं रेकॉर्ड करून ती एका दोन बटणांच्या यंत्रावर टकटक करत बसली. सरळ गेलेल्या अक्षराला एक बटण, अडखळलेल्याला दुसरं. निकाल आला 14 टक्के, म्हणजे शंभर अक्षरांतली चौदा अडलेली. मी म्हटलं, एवढीच? मला वाटत होतं निम्मी तरी असतील. शिवाय प्रत्येक अडण्याची जात वेगळी लिहिली होती. 'प-प-प' ही पुनरावृत्ती, 'सssss' हे लांबवणं, आणि ओठ मिटून आवाजच बंद होणं हा ब्लॉक. माझे बहुतेक ब्लॉक. डावी पापणी मिटणं आणि मांडीवर बोट आपटणं हेही कागदावर आलं. बोटाचं मला ठाऊकच नव्हतं.

त्याच दिवशी तिने एक उतारा काढला आणि म्हणाली, दोघं एकदम वाचूया. वाचला. एकदाही अडलो नाही. पूर्ण पानभर! मी थांबून तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली की दुसऱ्याच्या आवाजाबरोबर बोललं की बहुतेक तोतऱ्या माणसांची जीभ सुटते, गातानाही तसंच होतं, पण एकट्याने बोलायला लागलं की पुन्हा मूळपदावर. थोडक्यात, हा उपाय नव्हे. पण जीभ, ओठ, गळा सगळं धडधाकट आहे हे मला त्या पानाने पटवलं. शाळेत एका बाईंनी माझ्या आईला 'जीभ जड आहे' असं सांगितलं होतं.

आता तिची चूक. दुसऱ्या सेशनला मी म्हणत होतो, "मला हे सगळं क-क-क..." आणि ती चटकन म्हणाली, "कंटाळवाणं वाटतं?" मला 'कळत नाही' म्हणायचं होतं. आयुष्यभर लोक माझी वाक्यं पुरी करत आलेत, म्हणून तर इथे आलो होतो. मी गप्प बसलो. पुढच्या आठवड्यात आल्या आल्या ती म्हणाली, "मागच्या वेळी मी तुमचा शब्द तोडला. मॅडमनी काचेतून बघितलं, पण त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं." त्यानंतर तिने एकदाही शब्द पुरवला नाही. मी अकरा-अकरा सेकंद अडकायचो आणि ती नजर न हलवता थांबायची. कीव नाही, घाई नाही, मान डोलावणंसुद्धा नाही. असं थांबणारं माणूस मला घरातही भेटलेलं नाही.

ते तिला कुठून आलं हे नंतर समजलं. त्यांच्या अभ्यासक्रमात एक गृहपाठ असतो: बाहेर जायचं, अनोळखी माणसांशी मुद्दाम तोतरं बोलायचं, आणि काय वाटलं ते लिहून आणायचं. ती एका दुकानात गेली आणि दुकानदाराला विचारताना 'प-प-पेन' म्हणाली. दुकानदाराने तिच्यामागे उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे बघून विचारलं, "यांना काय हवंय?" हे सांगताना तिचे कान लाल झाले होते. म्हणाली, "मी पेन न घेताच बाहेर आले, सर. आणि मी तर नाटक करत होते." मी हसलो. असली 'यांना काय हवंय' मी किती झेलली असतील, मोजायला ते दोन बटणांचं यंत्रच लागेल.

कागदपत्रांचा मात्र इथे सुळसुळाट आहे. रेकॉर्डिंगला संमती, विद्यार्थ्यांनी बघायला संमती, वर्गात दाखवायला वेगळी संमती. मी वैतागून विचारलं की एवढ्या सह्या कशाला. तेव्हा तिने 1939 सालची गोष्ट सांगितली, जी त्यांना नीतिशास्त्राच्या तासाला शिकवतात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या वेंडेल जॉन्सन या नामवंत संशोधकाच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यात धड बोलणाऱ्या काही मुलांना, तुम्ही तोतरं बोलता, सांभाळून बोला, असं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. मुलं बोलायलाच कचरू लागली. विद्यापीठाने जाहीर माफी मागितली ती 2001 मध्ये. जॉन्सन स्वतः तोतरे होते, हे ऐकून मला जास्तच लागलं. उरलेल्या सह्या मी मुकाट्याने केल्या.

उपचार काय, तर 'तोतरेपणा घालवणं' हे इथे कुणी बोलतच नाही. पहिल्यांदा मला ते पळवाट वाटली. पद्धत बरीचशी चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या वळणाची आहे. हेही स्वतः तोतरे, आणि 1936 मध्ये त्यांनी वेस्टर्न मिशिगनमध्ये वाचा-उपचार केंद्र उभं केलं. त्यांचं म्हणणं असं की अडखळायचंच आहे ना, मग झटापट न करता सहज अडखळा. शिकवण्याचा क्रम उलटा आहे. आधी शब्द अडखळत पुरा होऊ द्यायचा, मग थांबायचं, आणि तोच शब्द सैल ओठांनी पुन्हा म्हणायचा. ते जमलं की शब्दात अडकलेलं असतानाच पकड ढिली करायची. आणि सगळ्यात शेवटी, अडणारा शब्द समोरून येताना दिसला की आधीच ओठ हलके ठेवायचे. म्हणजे शब्दानंतर, शब्दात, शब्दाआधी. मला पहिलं तीन आठवड्यांत जमलं, दुसऱ्याला दोन महिने लागले, तिसरं अजून धड येत नाही.

सातव्या सेशनला तिने टेबलावर फोन ठेवला. एका पुस्तकाच्या दुकानाचा नंबर. विचारायचं एवढंच, किती वाजेपर्यंत उघडे आहात. माझ्या तळहाताला घाम. ती म्हणाली, "मुद्दाम अडखळा. पहिल्याच शब्दाला." स्वतःहून तोतरं बोलायचं? छत्तीस वर्षं ते लपवण्यात घालवली आणि आता दाखवायचं? लावला फोन. "हॅ-हॅ-हॅलो, तु-तुमचं दुकान..." आणि गंमत म्हणजे पुढचं वाक्य सरळ गेलं. लपवायचं काही उरलंच नव्हतं. पलीकडचा माणूस म्हणाला, "साडेआठ," आणि ठेवला. एवढंच. त्याला काही फरक पडला नव्हता, याचा मला थोडा रागच आला.

मग सत्र संपलं, आणि या सेवेतली सगळ्यात मोठी खोट मी इथे लिहितोय. परीक्षा आणि सुट्टी मिळून सात आठवडे केंद्र बंद. कुणाचा फोन नाही, सराव काय करायचा याचा धड कागद नाही. उघडल्यावर कळलं, मुलगी पास होऊन गेली, आता नवा विद्यार्थी. तो आला, नवा फॉर्म काढला आणि म्हणाला, "घरात आणखी कोणी अडखळतं का?" मी म्हटलं, फाईल वाचा ना राव. वाचली नव्हती. त्याने मला लांबवून बोलायला शिकवलं, प्रत्येक स्वर ओढत, शब्दाला शब्द चिकटवत. अडखळणं झटक्यात कमी झालं, आणि मी बँकेच्या फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या बाईसारखा बोलू लागलो. त्या पद्धतीचा फायदा होणारी माणसं आहेत, मला नाकारायचं नाही. पण मला असं बोलण्यापेक्षा अडखळणं परवडतं. तिसऱ्या आठवड्यात सुपरव्हायझर स्वतः आत आल्या, दहा मिनिटं बसल्या आणि गाडी जुन्या रुळावर आणली. त्या आधी आल्या असत्या तर दोन सेशन वाचली असती.

विद्यार्थ्यांची बाजूही सांगायला हवी. यांना तोतरेपणा हा अनेकांतला एक विषय. पक्षाघातानंतर गेलेली वाचा, स्वरतंतूंवरच्या गाठी, लहान मुलांचे बोबडे उच्चार, श्रवणयंत्रं, इतकंच काय गिळण्याचा त्रास, सगळं यांच्याच पदरात. गिळणं या लोकांकडे येतं हे मला माहीतच नव्हतं. त्यामुळे तुम्हाला मिळणारा विद्यार्थी मोठ्या वयाचा तोतरा माणूस पहिल्यांदाच बघत असण्याची दाट शक्यता आहे. नवऱ्या मुलासारखा घाबरलेला असतो तो. तुम्ही त्याचे पहिले पेशंट, याची तयारी ठेवून जा.

लहान मूल असेल तर मात्र वाट बघत बसू नका. बाहेरच्या बाकावर एक आई चार वर्षांच्या पोराला घेऊन यायची. तिला घरी रोज थोडा वेळ खेळता खेळता करायची पद्धत दिली होती, पोरगं सरळ बोललं की शाबासकी, आणि दिवसाअखेर अडखळण्याला एक आकडा. ऑस्ट्रेलियात निघालेली लिडकोम पद्धत ती. ढोबळमानाने 100 मुलांत 5 जण कधी ना कधी अडखळतात, आणि त्यातली बहुतेक सुटतात. मोठ्यांमध्ये उरतो तो 100 मधला 1. तो एक मी. ते पोरगं मला दर वेळी विचारायचं, "काका, तुम्हाला पण शाबासकी देतात का?"

शेवटच्या मोजणीत माझे 14 चे 9 झाले. आकड्यावर जाऊ नका, कारण आता मी 'पंधरा'ला 'पंधरा'च म्हणतो, अडणारे शब्द टाळत नाही, त्यामुळे अडायला जागा जास्त आहे. रिपोर्ट मिळाला तो इतका बोजड की तो समजावून घ्यायला वेगळं सेशन लागेल. पाचपैकी साडेतीन. तो अर्धा गुण पहिल्या मुलीच्या थांबण्याचा.

पुढच्या सत्राची वेळ घ्यायला मीच फोन केला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं. ओठ मिटले. बरेच सेकंद गेले.

"हॅलो? आवाज येतोय का?"

"ये-येतोय. मी तोतरा आहे, थांबा जरा."

"थांबते," त्या म्हणाल्या. बुधवारी चारची वेळ मिळाली.