गेलेले आटे परत आणणारा संच

इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियम कव्हरचा एम ६ (६ मिमी व्यासाचा) बोल्ट आवळताना अचानक सैल फिरला आणि पोटात गोळाच आला. बाहेर काढला तर त्याला आट्यांचा चुरा गुंडाळलेला. म्हणून हा हेलिकॉइल पद्धतीचा, म्हणजे भोक मोठं करून त्यात तारेची गुंडाळी बसवून नवे आटे देणारा संच घेतला. त्यात ६.३ मिमीचं ड्रिल, खास टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार), स्टेनलेस तारेच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळ्या आणि त्या बसवायचं हत्यार आहे.

टॅप सुरेख कापतो. मी त्याला ग्रीस फासलं, म्हणजे कीस आत पडत नाही. अर्धा वळसा पुढे, पाव मागे. खरी कसोटी ड्रिल काटकोनात धरण्याची. तिथे कृपा करून घाई करू नका. मी सरळ भोक पाडलेला लाकडी ठोकळा आधाराला घेतला. गुंडाळी पृष्ठभागाखाली पाव वळसा बसवली, तळाची शेपटी (बसवताना हत्यार जिला धरतं ते तारेचं टोक) तोडली आणि चिमट्याने लगेच उचलली. ती इंजिनात राहिली तर अनर्थ!

शेपटी तोडायचा पंच मात्र मऊ निघाला, तिसऱ्याच भोकाला वाकला. तेवढा वेगळा घ्या. बोल्ट आता १० न्यूटन-मीटरला घट्ट बसतो आणि चार वेळा उघडूनही आटे जसेच्या तसे आहेत.