1:10 अपघात-चाचणी संच: गाडी भक्कम, पुस्तिकेत मोठी चूक

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी 1:10, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचा, हा संच घेण्यासारखा आहे. लाकडी उतार, बेअरिंगच्या चाकांची गाडी आणि तिच्या नाकावर चिकटवायच्या कागदी नळ्या. घर्षण सोडलं तर हिशेब सोपा: 50 सेंटीमीटर उंचीवरून सुटलेली गाडी 5 मिलिमीटरमध्ये थांबली तर सरासरी 100 जीचा (म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या 100 पट) झटका बसतो, नळी 4 सेंटीमीटर चुरगळली तर फक्त 12.5 जी.

पण नळीच्या घड्या एकावर एक पडायला हव्यात. ती मधेच मोडली की गाडी तिरकी होते आणि मोजमाप वाया जातं. पुढच्या कडेला बोटाने हलकी चुणी पाडून ठेवा, घडी तिथूनच सुरू होते. गाडी ज्यावर आदळते तो भिंतीचा ठोकळा हलका आहे, तो सी-क्लॅम्पने टेबलाला आवळाच. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमने चित्रण करा. सगळा खेळ जेमतेम 6 फ्रेममध्ये आटोपतो.

पुस्तिकेत खऱ्या गाडीच्या चाचणीतल्या ताशी 64 किलोमीटर वेगाला, माप एक दशांश म्हणून, 10 ने भागायला सांगितलंय. हे साफ चूक! साहित्य तेच असेल तर वेगही तोच लागतो. वेळ दहापट कमी होतो, झटका दहापट वाढतो. आणि तेवढ्या वेगासाठी उतार 16 मीटर उंच हवा.