आठ महिने वापरलं, स्पीड भन्नाट, पण 'शिल्लक' काही खोडता येईना

जीपीयूवालं नवं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, पण अक्षरं ग्राफिकच्या चिपकडून (जीपीयू) काढून घेणारी, सध्या सगळे ज्याच्यावर फिदा आहेत त्यातलंच एक. नाव लिहीत नाही, फुकटचं वापरून वर बदनामी कशाला. लॅपटॉप 2019 चा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, आणि चालतोय तोवर मी काही बदलणार नाही.

स्पीडबद्दल वादच नाही भिया. दोन लाख ओळींचा लॉग (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) कॅट कमांडनं स्क्रीनवर ओतला की जुन्या टर्मिनलवर चहा निवायचा, इथं घोट गिळायच्या आत प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड लिहायची जागा, परत हजर. युक्ती साधीच, अक्षराचं चित्र एकदा बनवून ठेवायचं आणि मग जीपीयूनं तेच स्क्रीनच्या घराघरात चिकटवत सुटायचं.

आता दुखणं. घरचा हिशोब मी साध्या टेक्स्ट फाइलीत मराठीत ठेवतो, इंदूरच्या लोकमान्य नगरच्या दूधवाल्यापासून सराफा बाजारातल्या गराडूपर्यंत (तळलेला कंद) सगळं. कमांड लिहिताना 'शिल्लक' टाइप करून बॅकस्पेस मारा, शब्द जातो आणि पहिली वेलांटी तिथंच उभी, कर्सर भलतीकडेच. 1978 च्या व्हीटी100 या जुन्या टर्मिनल यंत्रावर स्क्रीन म्हणजे 80 बाय 24 घरं, एका घरात एक अक्षर, तोच हिशोब अजून चालू आहे. मग वेलांटीला स्वतंत्र घर द्यायचं की 'श'च्याच घरात बसवायचं यावर शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आणि टर्मिनलचं जमलं नाही की कर्सर भरकटतो. तक्रार टाकली, उत्तर आलं फॉन्ट बदलून बघा. चार बदलले. वेलांटी जागची हलली नाही.

थांबा, एक गोष्ट कबूल करायला हवी. खर्चाचे रकाने वाकडे यायचे त्याचं खापर पण मी तीन महिने टर्मिनलवरच फोडत होतो, आणि निघाली माझीच स्क्रिप्ट. बॅश या शेलची प्रिंटएफ ही छापायची कमांड अक्षरं नाही, बाइट (साठवणीचं एकक) मोजते! एकेका अक्षराचे नि मात्रेचे 3, म्हणून 'दूध' 9 बाइट, 'किराणा' 18, म्हणजे 20 ची जागा मागितली तर दुधापुढे 11 स्पेस आणि किराण्यापुढे फक्त 2. ऑक या दुसऱ्या साधनात लिहून काढलं तर बरंच सुधारलं, पण ते मात्रेलाही अख्खं अक्षर धरतं, त्यामुळे किराणा अजून जरा तिरकाच.

तर लॉगसाठी हेच, काढणार नाही. हिशोबाला जुनंच उघडतो. कोणाकडे 'शिल्लक' पूर्ण खोडली जात असेल तर टर्मिनल, शेल आणि फॉन्ट तिन्ही सांगा, नुसतं 'माझ्याकडे चालतं' नको.