पहिलं टोपीचं पिस्तूल: डेरिंजर की इंग्लिश बॉक्सलॉक?

संग्रहाची सुरुवात खिशात मावणाऱ्या एका टोपीच्या पिस्तुलाने करायची, तर बोलणं बहुतेक या दोन नावांशी येऊन थांबतं: फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरचं पिस्तूल, नाहीतर इंग्लंडमधलं बॉक्सलॉक. दोन्ही एकनळी, घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या तांब्याच्या टोपीवर उडणारी, एकोणिसाव्या शतकातली. घेताना नजर मात्र वेगवेगळ्या जागी ठेवावी लागते.

डेरिंजरमध्ये पैसे मोजायचे ते नावाचे. १४ एप्रिल १८६५ ला जॉन विल्क्स बूथने लिंकनवर गोळी झाडली ती याच बनावटीच्या पिस्तुलातून. ते आजही वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरच्या संग्रहालयात आहे. नाव खपतं म्हटल्यावर नकला आल्याच. डेरिंजरचेच कारागीर बाहेर पडून तसाच माल करू लागले, आणि एका धंद्यात तर डेरिंजर आडनावाचा एक शिंपी केवळ नावासाठी घेतला गेला! सॅन फ्रान्सिस्कोच्या प्लेट नावाच्या व्यापाऱ्याविरुद्धचा नावाच्या चोरीचा खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गंमत म्हणजे त्या काळच्या नकलांनाही आता गिऱ्हाईक आहे. भीती आहे ती अलीकडे ठोकलेल्या शिक्क्याची. भिंग घ्या. लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर आणि नळीच्या बुडाशी, दोन्हीकडे नाव हवं, आणि अक्षरांच्या खोबणीतला रंग आजूबाजूच्या लोखंडासारखाच मुरलेला हवा. भोवती तपकिरी आणि अक्षरांत लख्ख चमक दिसली, की पिस्तूल खाली ठेवा. ही पिस्तुलं बहुधा जोडीने विकली जात. जोडी टिकली असेल तर किंमत दुपटीवरही थांबत नाही.

बॉक्सलॉकमध्ये मजा यंत्रणेची. घोडा मधोमध, आणि अनेकांत चाप आत लपलेला: घोडा ओढला की तो टपकन खाली येतो. विक्रेत्याला विचारून, नळी रिकामी आहे हे पाहून, घोडा अंगठ्याने धरून ठेवत हे करून बघा. रिकामा आपटू नका. नळी फिरवून काढता येते, कारण दारू आणि गोळी मागूनच भरायची. गंजून बसली असेल तर जोर लावू नका.

बॉक्सलॉकची कुंडली प्रूफच्या, म्हणजे नळीची मजबुती तपासल्याच्या, शिक्क्यांत असते. मुकुटासह दोन तिरपे राजदंड म्हणजे बर्मिंगहॅम, तिथलं प्रूफ हाऊस १८१३ चं. मुकुटाखाली गुंफलेली जी आणि पी अक्षरं म्हणजे लंडन. अंगावर ‘लंडन’ कोरलेलं आणि शिक्के बर्मिंगहॅमचे, हे सर्रास दिसतं. त्यात खोट नाही. लंबगोलात ई-एल-जी दिसलं तर माल बेल्जियमच्या लिएजचा, आणि सहसा स्वस्त.

पॉलिश करून चकचकीत केलेलं, दोहोंपैकी कुठलंही, घेऊ नका. नक्षीच्या कडा बोथट झाल्या की त्या परत येत नाहीत.

माझं मत बॉक्सलॉकच्या बाजूने. शिक्के वाचायला शिकता येतं. डेरिंजरच्या नावाची पारख करायला आधी बरीच अस्सल पिस्तुलं हातात घ्यावी लागतात.

भारतात घेणार असाल तर आधी परवाना अधिकाऱ्याशी बोला. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुरातन शस्त्राला आहे. म्हणजे संग्राहक ज्या ठणठणीत लॉकसाठी जास्त मोजतो, तेच इथे आड येऊ शकतं.