ई-रीडर: वाचायला उत्तम, पुस्तक पुढे द्यायला कुचकामी

गेल्या आठवड्यात ई-रीडरची स्क्रीन गेली. वरच्या अर्ध्या भागात बंद असतानाचं चित्र गोठून बसलंय आणि खालच्या अर्ध्यात 'स्मृतिचित्रे' चालू आहे. बाहेरून साधा ओरखडाही नाही. संध्याकाळी ठाण्याला लेडीज डब्यात जो लोंढा चढतो, त्यात पिशवी दाबली गेली, एवढंच झालं. या स्क्रीनच्या पोटात पातळ काच असते, ती वाकली की आतल्या आत तडकते. ई-इंकला, म्हणजे या स्क्रीनवरच्या इलेक्ट्रॉनिक शाईला, चित्र टिकवायला वीज लागत नाही, पान बदलतानाच काय ती लागते. म्हणून तडकलेल्या भागात त्या क्षणी जे होतं ते तसंच राहतं. हे सगळं मला कंपनीने नाही, लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने समजावून सांगितलं.

कंपनीचं म्हणणं एका वाक्याचं होतं: फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. ठीक आहे, नका बसवू, मी पैसे भरते, स्क्रीन बदलून द्या. तर म्हणे आम्ही दुरुस्ती करतच नाही, नवीन घ्यायचा असेल तर सूट देऊ. तीन वेगवेगळ्या माणसांनी चॅटवर 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो' हेच लिहून पाठवलं. आमच्या मिक्सरची कॉइल दोनदा बदलून झाली आणि तो अजून चटणी वाटतोय. वर्षभरसुद्धा न वापरलेली वस्तू फेकून द्या असं कोणी सांगितलं की माझं डोकं फिरतं.

किती जीबी, किती इंच हे सगळीकडे मिळेल. वस्तू म्हणून तिला नावं ठेवायला फारशी जागा नाही. चार्जिंगची आठवण आठवडेच्या आठवडे येत नाही, फलाटावरच्या उन्हात अक्षर स्वच्छ दिसतं, आणि मुख्य म्हणजे एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताने पान उलटता येतं. डोंबिवलीहून रोज लोकल पकडणाऱ्याला हे शेवटचं किती मोठं सुख आहे ते वेगळं सांगायला नको.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. यातलं विकत घेतलेलं पुस्तक कोणाला देता येत नाही.

आमच्या डब्यात पाच-सहा जणी वाचणाऱ्या आहेत. आमच्यात शिफारस करण्याची पद्धत अशी, की वाचून झालेलं पुस्तक समोरचीच्या मांडीवर ठेवायचं आणि 'पहिली वीस पानं सोस, मग सांग' म्हणायचं. ती नको म्हणाली तरी पुस्तक तिच्या पिशवीत जातं. तोंडी सांगितलेलं पुस्तक कोणी वाचत नाही, हा माझा अनुभव. तर पहिल्याच महिन्यात मी एक नवी मराठी कादंबरी या यंत्रावर विकत घेतली. नाव लिहीत नाही, लेखकाचा यात काही दोष नाही. कादंबरी अप्रतिम. शेवटचं पान संपलं आणि समोर बसलेल्या मैत्रिणीला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. द्यायचं तर अख्खं यंत्र द्यायचं, मग मी काय वाचू?

किंमत म्हणाल तर छापील प्रतीपेक्षा जेमतेम चाळीस रुपये कमी. त्या चाळीस रुपयांच्या बदल्यात उसनं देण्याचा हक्क गेला, रद्दीत विकण्याचा गेला, वाढदिवसाला पुढे सरकवण्याचाही गेला. (सरकवतात सगळे, कबूल करा.) छापील पुस्तकाला जीएसटी नाही, याला आहे. आणि मुळात आपण पुस्तक घेतच नाही, वाचण्याची परवानगी घेतो. अमेरिकेत २००९ साली एका कंपनीने ऑर्वेलची '१९८४' ग्राहकांच्या ई-रीडरवरून परस्पर काढून टाकली होती. पैसे परत केले, पण पुस्तक गेलं. आणि ते नेमकं हेच पुस्तक असावं!

त्या कादंबरीनंतर लगेच मी हा अनुभव लिहायला घेतला असता तर इथेच 'घेऊ नका' असं लिहून थांबले असते. पण मधल्या काळात एक गंमत झाली.

विकतचं घ्यायचं नाही असं ठरवल्यावर मी फुकटातलं शोधायला लागले. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या, त्यांचं लेखन केव्हाच मोकळं झालं. या फायलींना कुलूप नसतं, व्हॉट्सॲपवरून कोणालाही पाठवा. वर्षानुवर्षं मी ज्यांची नुसती नावं ऐकत होते ती पुस्तकं अशी आमच्या डब्यात शिरली.

पहिलं गेलं ते गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज, आणि मथुरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता, म्हणून दक्षिणेच्या आशेने १८५७ साली घरून निघाले. गाठ पडली ती बंडाशी. झाशीचा वेढा त्यांनी किल्ल्याबाहेर शहरात राहून पाहिला. लढाई लिहिणाऱ्याला तलवारीशी देणंघेणं नाही, आजचं जेवण कुठे आणि कमरेची दक्षिणा कशी वाचवायची याची काळजी आहे, म्हणून ते खरं वाटतं. फुकट मिळते ती १९०७ ची, चिं. वि. वैद्यांचा हात फिरलेली आवृत्ती. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली, ती मात्र मी वाचनालयातून कागदावरच आणली. दोन्ही वाचायला वेळ असेल तर पोतदारांची आधी वाचा.

ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ चं. लहानसं आहे, जाता-येता दोन दिवसांत संपतं. सुरतेच्या एका तरुण विधवेवरचा खटला वाचून पेटलेल्या बाईचं लेखन आहे, आणि भाषा अशी, की आमच्यातली एक जण कल्याणपर्यंत मोठ्याने वाचत गेली आणि भोवतालच्या बायका मोबाईल ठेवून ऐकत राहिल्या. रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) मात्र आमच्यात अर्ध्या जणींना कंटाळवाण्या वाटल्या. मला नाही. नवरा शिकवतोय आणि घरातल्या बायका त्यावरून टोमणे मारताहेत, हा भाग तेवढा जरूर वाचा.

आणि 'स्मृतिचित्रे'. वडिलांच्या सोवळ्यापायी बाजारातून येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घेणारं घर, हातात पैसा न टिकणारा नवरा म्हणजे कवी टिळक, त्यांचं १८९५ मधलं धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट. एवढं सगळं सोसलेली बाई इतकी हसवते कशी, हे मला अजून कळलेलं नाही. मला याची टाईप केलेली, युनिकोडातली फाईल मिळाली. घरी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, छापील पुस्तक त्यांनी केव्हाच सोडलं होतं. अक्षर मोठं करून दिलं तर एका पानावर जेमतेम दहा ओळी यायला लागल्या, आणि दुपारची मालिका बंद झाली. यंत्राला मी दिलेले सगळे गुण या एका गोष्टीचे आहेत.

बाकीची बहुतेक जुनी पुस्तकं स्कॅन केलेली असतात, आणि लहान पडद्यावर स्कॅन म्हणजे मुंग्यांची रांग. त्यावर उपाय आहे. 'के२पीडीएफऑप्ट' नावाचा मोफत प्रोग्राम लॅपटॉपवर उतरवून घ्या. तो पानाचा समास कापतो आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा ओळखून ओळी नव्याने मांडतो. त्याला मराठी यावी लागत नाही, कारण तो अक्षरं वाचतच नाही, चित्राचे तुकडे सरकवतो. फाईल फुगते, पानं हळू उलटतात, पण वाचता येतं. पिवळ्या पडलेल्या, डागाळलेल्या पानांवर मात्र त्याची मात्रा चालत नाही.

तर आता निकाल. रोजचा प्रवास असेल, घरात कोणाची नजर अधू झाली असेल आणि जुनं मराठी वाचायची हौस असेल तर घ्या, तेही वापरलेलं मिळालं तर बघा. नवी मराठी पुस्तकं वाचण्यासाठी घेत असाल तर पैसे वाचवा. ती कागदावर घ्या आणि चार जणींत फिरवा. आणि कव्हर पुठ्ठ्याचं नको, कडक पाठीचं घ्या. ते सोबत फुकट देत नाहीत.

लॅमिंग्टन रोडवाल्याने दुसऱ्या मोडक्या यंत्राची स्क्रीन काढून बसवून द्यायची तयारी दाखवली आहे, नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. गॅरंटी विचारली तर म्हणाला, 'ताई, दुकानाबाहेर पाऊल टाकेपर्यंत.' तरी देणार आहे. सासूबाईंचे टिळक अजून ख्रिस्ती व्हायचे आहेत आणि त्या रोज विचारताहेत.